गोष्ट कुणाच्या हातात?

खाली मांडलेला वाद कल्पित आहे. एका बाजूला मराठीचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि दुसऱ्या बाजूला त्यांची एके काळची विद्यार्थिनी, जी आता व्हिडिओ गेम रचते. ही माणसं प्रत्यक्षात नसली तरी त्यांच्या तोंडचे मुद्दे गेली वीस वर्षं खरोखर चालू असलेल्या वादातले आहेत. वाद आहे तो एका विशिष्ट जातीच्या खेळांबद्दल. मोजक्या माणसांनी, कधी एकट्याने, बहुधा मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय केलेले, बहुतेक थोड्या तासांत संपणारे, गुण आणि बक्षिसं यांच्यापेक्षा गोष्टीवर आणि वातावरणावर भिस्त ठेवणारे हे खेळ ‘इंडी’ म्हणून ओळखले जातात. माझा कल विद्यार्थिनीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तो शोधण्यात वाचकाचा वेळ जायला नको. मात्र प्राध्यापकांना मी मुद्दाम दुबळं केलेलं नाही. त्यांच्या एका हरकतीपुढे तिला आपली भूमिका दुरुस्त करावी लागते, आणि दुरुस्त झालेली भूमिकाच मला पटते.

प्राध्यापक : तुझ्या खेळांना कमी लेखायचं नाही, पण ‘कथाप्रधान खेळ’ हा शब्दच मला आपल्या पायावर उभा राहताना दिसत नाही. कथेत पुढे काय होणार हे लेखकाने ठरवलेलं असतं, आणि ते तसंच व्हायला हवं होतं असं शेवटी वाचकाला वाटावं लागतं. ही अटळता गेली की शोकांतिका गेलीच. जी. ए. कुलकर्ण्यांच्या एखाद्या कथेतल्या नायकाच्या जागी मला बसवलंस आणि डावीकडे जायचं की उजवीकडे हे मला विचारलंस, तर नियतीला करण्यासारखं राहिलं काय? अमेरिकी चित्रपट समीक्षक रॉजर इबर्ट यांनी २००५ मध्ये हेच म्हटलं होतं. गंभीर साहित्य आणि सिनेमा लेखकाच्या नियंत्रणावर उभे असतात, तर खेळ खेळाडूच्या निवडीवर, आणि या दोन दिशा एकमेकींच्या उलट आहेत. २०१० मध्ये त्यांनी तीच भूमिका आणखी कडकपणे मांडली. पुढे त्याच वर्षी, स्वतः न खेळता असं बोलायला नको होतं एवढं त्यांनी कबूल केलं खरं. पण बोलायला नको होतं म्हणजे मुद्दा चुकीचा होता असं नव्हे. तो माझ्या मते अजून तसाच उभा आहे.

रचनाकार : सर, इबर्ट यांनी दोन गोष्टी एकच धरल्या, आणि तुम्हीही तेच करताय. खेळाडूला निवड देणं वेगळं आणि कृती देणं वेगळं. ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ हा जायंट स्पॅरो या छोट्या स्टुडिओचा २०१७ चा खेळ घ्या. वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावरच्या घरात एडिथ परत येते आणि कुटुंबातलं एकेक माणूस कसं मेलं ते खोलीखोलीतून उलगडत जातं. त्यातलं एकही मरण खेळाडूला टाळता येत नाही. म्हणजे अटळता तुम्हाला हवी तेवढी आहे. आता त्यातला लुईस नावाच्या भावाचा प्रसंग बघा. तो मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला आहे. एका हाताने तुम्ही मासा उचलायचा, यंत्राखाली सरकवायचा, डोकं उडवायचं, पुढे ढकलायचा, मग पुढचा मासा. कंटाळलेला लुईस मनात एक राज्य रचायला लागतो, आणि त्या राज्यात फिरण्याचं काम तुमच्या दुसऱ्या हाताकडे येतं. ते राज्य पडद्याच्या एका कोपऱ्यात सुरू होतं आणि हळूहळू सगळा पडदा व्यापतं. मासे कापणं मात्र थांबलेलं नसतं. काही मिनिटांनी लक्षात येतं की आपला एक हात आपल्याला न विचारता काम करतोय आणि आपण भलतीकडेच आहोत. लुईसचं हेच झालेलं असतं. शेवटी राज्याभिषेकासाठी तुम्ही स्वतः त्याची मान खाली वाकवता. ही गोष्ट कादंबरीत लिहिता येईल, सिनेमात दोन चित्रं शेजारी ठेवून दाखवता येईल, पण हाताला सवय लागते ती वाचकाच्या किंवा प्रेक्षकाच्या हाताला लागत नाही. इथे निवड शून्य आहे आणि सगळी कृती तुमची आहे. जोसेफ फारेस यांच्या ‘ब्रदर्स’ या २०१३ च्या खेळातही तसंच. एका हाताशी थोरला भाऊ, दुसऱ्या हाताशी धाकटा. धाकट्याला पाण्याची भीती म्हणून तो थोरल्याच्या पाठीला धरून नदी ओलांडतो. थोरला मेल्यावर पुन्हा पाणी आडवं येतं, धाकट्याचं बटण काही करत नाही, आणि मग खेळाडूला सुचतं की मेलेल्या भावाचं बटण दाबून बघावं. ते दाबलं की पोरगा पोहायला लागतो. एका शब्दाने काही समजावलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की या खेळांत गोष्ट संहितेत लिहिलेली नसते. हाताला काय करता येतं आणि काय करता येत नाही, यातून ती घडते.

प्राध्यापक : तू दोन चमत्कार सांगितलेस. दोन्ही सुंदर आहेत हे मान्य. पण चमत्कारांवर कलाप्रकार चालत नाही. मला जे खेळ दाखवले गेले त्यांत वातावरण हीच मुख्य गोष्ट होती, आणि ते वातावरण सरळ चित्राचं आणि ध्वनीचं होतं. ‘लिंबो’मध्ये काळ्या-करड्या सावल्या, धुकं, एक पोरगा. ‘इनसाइड’ तर ‘लिंबो’ करणाऱ्या त्याच डॅनिश मंडळींचा. त्याचे ध्वनिरचनाकार मार्टिन स्टिग अँडरसन यांनी म्हणे आवाज मानवी कवटीतून वाजवून ध्वनिमुद्रित केले. मग अंगावर काटा येईल नाही तर काय? पण ते श्रेय कवटीचं, तुझ्या नियमांचं नव्हे. आणि ‘डिअर एस्थर’सारख्या खेळात तर बेटावर चालण्याखेरीज हाताला काही कामच नाही. लोकांनी त्याला ‘चालण्याचं सिम्युलेटर’ म्हणून हिणवलं ते काही उगाच नाही. निसर्गचित्र आहे, संगीत आहे, पत्रं वाचणारा आवाज आहे. यात खेळ कुठे आहे?

रचनाकार : ‘डिअर एस्थर’बद्दल मी फारशी भांडणार नाही. त्यातला निवेदक इतकं अलंकारिक बोलतो की बेटाला बोलायला जागाच उरत नाही. पण वातावरण चित्र-ध्वनीचं असतं हे मात्र मला अर्धसत्य वाटतं. ‘इनसाइड’मध्येच एक टप्पा आहे. दुरून ठरावीक अंतराने प्रचंड स्फोटलहरी येतात, आडोशामागे असलात तर वाचता, नाहीतर चिंधड्या उडतात. तो आवाज भयंकर आहे तो कवटीमुळे नव्हे. दोन आवाजांच्या मध्ये किती पावलं टाकता येतील याचा हिशेब तुम्ही करत असता म्हणून. तोच आवाज नुसता ऐकवला तर मोठा आवाज एवढंच वाटेल. ‘जर्नी’चं उदाहरण याहून बोलकं आहे. २०१२ मध्ये जेनोव्हा चेन आणि त्यांच्या दॅटगेमकंपनीने केलेला हा खेळ. वाळवंट, दूरवर डोंगर, आणि वाटेत भेटणारा दुसरा एक प्रवासी, जो जगात कुठेतरी बसून खेळणारा खरा माणूस असतो. खेळताना त्याचं नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. सुरुवातीच्या आवृत्तीत दोन प्रवाशांची शरीरं एकमेकांना अडायची. रचनाकारांना वाटलं, लोक एकमेकांना मदतीचा धक्का देतील. लोकांनी एकमेकांना खड्ड्यात ढकललं. मग त्यांनी धक्का देण्याची सोयच काढून टाकली, आणि एकमेकांजवळ आलं की दोघांची उडण्याची शक्ती भरून येईल असं केलं. वाळवंट तेच, माणसंही तीच, नियम बदलला आणि खेळाडू एकमेकांची वाट बघत थांबायला लागले. ज्याला लोक ‘जर्नी’चं भारलेलं, जवळजवळ धार्मिक वातावरण म्हणतात, ते या नकारातून आलंय. ऑस्टिन विंटरी यांचं संगीत अप्रतिम आहेच, पण पहिल्या आवृत्तीत ते वाजवलं असतं तर लोकांनी ते ऐकत ऐकत एकमेकांना ढकललं असतं.

आणि ‘गॉन होम’. फुलब्राइट या पोर्टलंडच्या स्टुडिओचा, २०१३ चा. जून १९९५ मधली वादळी रात्र, ऑरेगनमधलं मोठं घर, परदेशातून परतलेली मुलगी, घरात कुणीही नाही. भयकथेची सगळी मांडामांड आहे. न्हाणीघराच्या टबमध्ये लाल डाग दिसतात आणि पोटात गोळा येतो. ते निघतात केसांच्या रंगाचे. भूत येतच नाही. येते ती धाकट्या बहिणीच्या पहिल्या प्रेमाची गोष्ट, चिठ्ठ्यांतून, कॅसेटींतून. पण मला यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम फार साधा वाटतो. उचललेली वस्तू पुन्हा जागच्या जागी ठेवायची सोय आहे. दुसऱ्याच्या खोलीत, दुसऱ्याचं कपाट उघडून, चिठ्ठी वाचून ती होती तशी ठेवायची. कुणी सांगितलेलं नसताना पुष्कळ लोक ती ठेवतात. त्या क्षणी घर सजावट राहत नाही, त्यात राहणाऱ्या माणसांचं होतं.

इथे मला मध्ये बोलायला हवं, कारण तिच्या उदाहरणांमधून एक सोपा गैरसमज निघू शकतो. ‘गॉन होम’मध्ये माणसं नाहीत याचं एक कारण तिजोरीत आहे. हलणारी, बोलणारी, विश्वास बसेल अशी माणसं पडद्यावर आणणं फार खर्चाचं काम असतं आणि ते स्टुडिओच्या आवाक्यात नव्हतं. ‘फायरवॉच’मध्येही वायोमिंगच्या जंगलातल्या टेहळ्याचं सगळं नातं वॉकी-टॉकीवरच्या आवाजाशी जुळतं, समोर चेहरा नसतो. म्हणून गरिबीच कलेची जननी असं म्हणायची फॅशन आहे. तिच्यात तथ्य थोडं आणि रंजन फार आहे. पैसा नसलेले असंख्य छोटे खेळ दरवर्षी येतात आणि कुणाच्या ध्यानातही न येता बुडतात. पैसा नसण्याने काय गाळावं लागणार हे ठरतं. ते गाळणं खेळाडूला अर्थपूर्ण वाटेल की नुसतं अपुरं वाटेल, हे रचनाकाराला वेगळं ठरवावं लागतं. ‘गॉन होम’च्या कर्त्यांनी घर रिकामं का आहे याचं उत्तर गोष्टीतच पेरलं, म्हणून ते रिकामपण चाललं.

प्राध्यापक : नियमांवर तुझी फारच श्रद्धा दिसते. मग मी तुला तुझ्याच घरातलं उदाहरण देतो. मोक्षपट. परंपरा त्याचा धागा थेट ज्ञानेश्वरांपर्यंत नेते; ते खरं की खोटं हा भाग सोडून दे. पटावरच्या घरांना नावं होती. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जायची, दुर्गुणाच्या घरातून साप खाली आणायचा, आणि सगळ्यात वर वैकुंठ किंवा मोक्ष. कवड्या टाकायच्या आणि जे पडेल ते भोगायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडात गेला. तिथे आधी आपली नावं जाऊन व्हिक्टोरियन नीतिबोधाची चित्रं आली, मग तीही गेली, आणि उरली ती पोरांची सापशिडी. आता सांग. नियम तसाच राहिला. साप तोच, शिडी तीच, दान तेच. गेले ते फक्त शब्द. आणि शब्दांबरोबर सगळी गोष्ट गेली. काम, क्रोध, अहंकार, जन्ममरणाचा फेरा, सगळं. म्हणजे गोष्ट शब्दांतच होती. तुझा सिद्धान्त एका पटाने निकालात काढला की नाही?

रचनाकार : निकालात नाही, पण जखमी केलात. खरं आहे. नुसत्या नियमात गोष्ट असते असं मी म्हटलं असेन तर ते टिकत नाही. पण नुसत्या शब्दांत होती हेही खरं नाही, सर. त्या बहात्तर किंवा कितीही घरांची नावं कागदावर ओळीने लिहून काढा. ती एक यादी होईल, बोधपर आणि नीरस. वैकुंठाच्या अगदी जवळ पोहोचल्यावर अहंकाराच्या घरात पडून खाली घसरायचं, ही गोष्ट नाव आणि जागा मिळून तयार होते. जवळ पोचल्याशिवाय अहंकार कळत नाही आणि नाव असल्याशिवाय घसरण नुसती घसरण राहते. तेव्हा मी माझं म्हणणं असं बदलते. नियम आणि नाव एकमेकांत अडकतात त्या सांध्यात गोष्ट असते. आणि हा सांधा जिथे सुटतो तिथे मोठमोठे खेळ फसतात. २००७ मध्ये रचनाकार क्लिंट हॉकिंग यांनी ‘बायोशॉक’ या खेळावर लिहिताना हेच दाखवलं होतं. नियम तुम्हाला स्वार्थी व्हायला शिकवतो आणि गोष्ट तुम्हाला दुसऱ्याच्या मदतीला पाठवते. तोंड एक सांगतं, हात दुसरं करतो.

सांधा घट्ट बसला की काय होतं ते लूकस पोप या माणसाने दोनदा दाखवलंय. ‘पेपर्स, प्लीज’, २०१३. आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर तुम्ही कागद तपासणारे कारकून. साल १९८२. माणूस खिडकीशी येतो, पासपोर्ट बघायचा, तारीख, शिक्का, फोटो, आणि ‘प्रवेश’ किंवा ‘नकार’ असा ठसा मारायचा. माणशी पाच क्रेडिट मिळतात. दिवसात दोन चुका माफ, पुढच्या प्रत्येक चुकीला दंड. संध्याकाळी हिशेब: भाडं, जेवण, घरातली ऊब, पैसे कमी पडले तर घरातलं कुणीतरी आजारी पडतं. अशात एक नवरा येतो, कागद बरोबर, आत जातो आणि सांगतो की मागून बायको येतेय. बायकोकडे परवाना नसतो. राज्यघटना, हुकूमशाही, नोकरशाही यांच्यावर एक ओळ भाषण नाही. घड्याळ चालू असतं, रांग लांब असते, आणि तुम्हाला जाणवतं की गेल्या दहा मिनिटांत तुम्ही माणसांकडे बघणं सोडून फक्त तारखा बघायला लागला होतात. हे उपदेश करून शिकवलेलं नाही. पगाराच्या नियमाने शिकवलंय. त्यानंतर २०१८ चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. १८०७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता झालेलं जहाज रिकामं परत येतं आणि तुम्ही विम्याचे निरीक्षक. साठ माणसं कोण होती आणि त्यांचं काय झालं हे वहीत भरायचं. चित्र फक्त दोन छटांचं, माणसं मरणाच्या क्षणी गोठलेली. पण किल्ली वहीत आहे. तीन माणसांचे तपशील बरोबर भरले तरच वही ते पक्के करते. त्यामुळे अंदाजाने ठोकून देता येत नाही. मग तुम्ही कुणाच्या झोपायच्या झोळीवरचा क्रमांक, कुणाचा पेहराव, कुणाच्या बोलण्याची धाटणी बघायला लागता. मेलेल्या खलाशाकडे इतकं निरखून बघायला कुठल्या कादंबरीने लावलंय?

प्राध्यापक : लावलंय, चांगल्या कादंबऱ्या तेच करतात, पण सोड. आणखी एक हरकत. इयन बोगोस्ट हे तुमच्याच क्षेत्रातले, साहित्यवाले नव्हेत. त्यांनी २०१७ मध्ये, नेमका तुझा तो एडिथ फिंच समोर ठेवून, ‘द अटलांटिक’मध्ये लिहिलं की खेळांनी गोष्टीचा नाद सोडावा. गोष्टीत ते सिनेमा आणि पुस्तकांच्या मागेच राहणार; त्यांचं बळ जग सुटं करून पुन्हा जोडण्यात आहे. आणि दुसरं असं, की तू आतापर्यंत कोपनहेगन, पोर्टलंड, वॉशिंग्टन सगळं फिरून आलीस. आपल्याकडचं काय?

रचनाकार : बोगोस्ट यांच्याशी माझं भांडण तुम्हाला वाटतं त्याहून कमी आहे. जग सुटं करून जोडणं हेच तर ओब्रा डिनची वही करते, आणि त्यातूनच गोष्ट बाहेर येते. सिनेमाची बरोबरी करायला गेलेले खेळ मागे पडतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. फक्त गोष्ट सांगण्याची तेवढी एकच रीत आहे असं त्यांनी धरलंय. आता आपल्याकडचं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला, द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं, आणि तो दिसायला खरोखर देखणा आहे. पहाडी लघुचित्रांची छाया, महाल, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेला कथाभाग. डोंबाऱ्यासारखी कसरत करणारी पोर, तिचा पळवलेला भाऊ गोलू, आणि वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल बोलताहेत. पण हात काय करतो? राक्षस मारतो. भावाला शोधण्याच्या हुरहुरीसाठी हाताला काही कामच दिलेलं नाही. ती हुरहूर देवांनी बोलून दाखवायची. ही अर्थातच माझी पसंती आहे, लढाईचे खेळ आवडणाऱ्यांना तो तसाच आवडेल. याच्या उलट ‘वेनबा’ बघा, २०२३, टोरांटोच्या विसाई गेम्सचा, दीड-दोन तासांचा. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईने दिलेली पाककृतींची वही, आणि तिच्यावरची शाई पुसट झालेली. राहिलेल्या पायऱ्या तुम्ही आठवून, चुकून, पुन्हा करून भरायच्या. एका प्रकरणात तुम्ही मुलगा असता आणि त्याला तमिळ नीट वाचता येत नाही, म्हणून तीच वही आणखी अवघड होते. परदेशात वाढणाऱ्या मुलाची भाषा कशी सुटते यावर त्यात व्याख्यान नाही. पाककृती वाचता येत नाही, एवढंच. न्यू जर्सीतल्या किंवा दुबईतल्या मराठी घरात हा खेळ कुणी खेळला तर तो तमिळ आहे हे पहिल्या पाच मिनिटांत विसरेल.

आमच्याकडे नवीन मुलं येतात ती सगळी एकच कल्पना घेऊन येतात, सर. कोकणातला वाडा, पाऊस, कंदील, पडवीत पांढरी साडी. नाहीतर पिंगुळीच्या चित्रकथीची चित्रं घेऊन त्यांत धावणारा नायक. मी त्यांना विचारते, खेळाडूचा हात काय करणार? ते म्हणतात, तो वाड्यात फिरेल आणि त्याला जुन्या डायऱ्या सापडतील. मग वाडा कशाला हवा, डायऱ्याच छापा ना!

प्राध्यापक : आता टीका पुरे. तू स्वतः काय करशील ते सांग. एक तरी असा खेळ, ज्याच्यात मला मराठी माणूस म्हणून हात घालावासा वाटेल.

रचनाकार : उजनी. भीमेवरच्या धरणाखाली गेलेली गावं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, त्याचे फोटो पेपरात येतात. नवखा रचनाकार त्या देवळातून सुरुवात करेल. पाण्यातून वर आलेला कळस, शांतता, तंबोरा. मी सुरुवात त्याच्या आधी करीन, बुडीत क्षेत्राच्या मोजणीपासून. खेळाडू म्हणजे मोजणीला आलेला कारकून. रोज काही घरं. प्रत्येक घराचा फॉर्म भरायचा: घर दगडी की कुडाचं, खण किती, विहीर आहे का, झाडं कोणती आणि किती. त्या नोंदीवर मोबदला ठरणार. आता बाई सांगते, हे उखळ माझ्या सासूच्या सासूचं. फॉर्मात उखळाला रकाना नाही. म्हातारा सांगतो, या पारावर पंचायत भरायची. पाराला रकाना नाही. लिंबाचं झाड लिहिता येतं, त्याखाली पोर पुरलंय हे लिहिता येत नाही. कारकून म्हणून तुमच्याकडे असतो तो रकाना आणि दिवस मावळायच्या आत संपवायची घरं. वातावरण म्हणजे मी वाऱ्याचा आवाज घालीन, कोंबड्या घालीन, पण खरं वातावरण या कागदातून येईल. नंतर, खेळाच्या शेवटी, पाणी आलेलं असेल आणि तुमच्या हातात तुमचेच भरलेले फॉर्म. त्या फॉर्मांवरून गाव पुन्हा उभं करायचं. जे लिहिलं नसेल ते उभं राहणार नाही.

प्राध्यापक : हा तुझ्या त्या पासपोर्टवाल्या खेळाचा मराठी अवतार झाला.

रचनाकार : झाला. नाकारत नाही. पण तिथे चूक केली की दंड होतो, इथे नियम पाळला की गाव जातं. सांधा वेगळ्या ठिकाणी आहे.

प्राध्यापक : एक गोष्ट तू विसरलीस. सरकारी फॉर्मात शेवटी ‘शेरा’ असतोच. कुठलाही नमुना काढून बघ. त्यात उखळही येईल आणि पोरही येईल. तो रकाना तू गाळलास तर तुझा कागद खोटा ठरतो, आणि ज्यांच्या घरची जमीन खरोखर गेली त्यांना तो पहिल्या मिनिटाला खोटा दिसेल.

रचनाकार : शेरा दिला तर सगळे सगळं तिथेच लिहितील. मग अडचण राहिली कुठे? खेळाडू दोन हुंदके शेऱ्यात टाकेल आणि मोकळा होईल.

प्राध्यापक : अगं, शेऱ्याचा रकाना अंगठ्याएवढा असतो! त्यात चार शब्द मावतात. आणि त्या चार शब्दांत उखळ लिहायचं की पार, हे तू मला विचार. मघापासून तू निवडीला नको म्हणतेस. मी म्हणतो, एवढी एकच ठेव.

रचनाकार : चार शब्द, आणि ते वरच्या साहेबाने वाचले तर?

प्राध्यापक : साहेब शेरा वाचत नाही. पण तो कधीतरी वाचेल अशी शंका कारकुनाच्या मनात राहिली पाहिजे. ती कशी ठेवायची ते तू बघ, ते तुझं काम.

रचनाकार : मग एखाद्या दिवशी एक फॉर्म परत यायला हवा. शेऱ्यावर लाल शाईची रेघ मारलेला, कारण न देता.

प्राध्यापक : कितव्या दिवशी?

रचनाकार : तेच करून बघावं लागेल. लवकर आला तर माणसं शेरा भरायचं सोडून देतील, उशिरा आला तर काहीच बदलणार नाही. दहा-बारा जणांना खेळायला बसवल्याशिवाय मला सांगता येणार नाही, सर. तुम्ही बसाल का त्यांत?